अवजड वाहनचालक : पात्रता व प्रशिक्षण
बस किंवा मालट्रक चालवण्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्याआधी हलके वाहन चालवण्याचा परवाना किमान वर्षभर जवळ असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अवजड वाहनाचा परवाना पाच वर्षांचा झाला. नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. धोकादायक मालाच्या टँकरचालकाला मात्र तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरणावेळी एक दिवसाची उजळणी. युरोपीय संघात व्यावसायिक बस व मालट्रक चालकाला दर पाच वर्षांत ३५ तास शिकावे लागते. रात्रभर प्रवासी नेणाऱ्या आपल्या चालकालाही अशी उजळणी मिळायला हवी.