तेल्हाऱ्याहून हिमशिखराकडे : व्यावसायिक मोहिमेत नाव नोंदविण्यापूर्वी

तेल्हारा : गावाच्या उत्तरेला सातपुड्याची रांग उभी आहे. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत ती हाकेच्या अंतरावर असल्यासारखी भासते. मात्र तेल्हारा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीवर असून, मेळघाटातील सर्वांत उंच मानले जाणारे वैराटही १,२०० मीटर भरत नाही. हिमालयातील हिमनदीवरून चढावी लागणारी शिखरे बहुधा साडेपाच हजार मीटरच्या पुढची असतात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्यावर आलेला असतो. उन्हाळ्यात ४५ अंशांचा पारा सोसणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या काटकपणाविषयी शंका नाही. परंतु विरळ हवेसाठी शरीराची तयारी करता येईल असे ठिकाण विदर्भातच काय, संपूर्ण महाराष्ट्रात नाही. कळसूबाईदेखील १,६४६ मीटरवरच संपते.

तरीही हे अंतर ओलांडले गेले आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ हा उपक्रम हाती घेतला आणि चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांमधून निवडलेल्या १० विद्यार्थ्यांपैकी पाच जण मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. चंद्रपूरचा उन्हाळा अकोल्यापेक्षा सौम्य नाही. या मुलांना थेट एव्हरेस्टवर नेण्यात आले नव्हते. दार्जिलिंग व लेह येथे बर्फाचा आणि उंचीचा सराव झाल्यावरच पुढचा टप्पा आला. दहांपैकी पाच ही संख्याही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कौतुक पाचांचे झाले. शिखराविना परतलेल्या पाचांची चर्चा फारशी झाली नाही.

व्यावसायिक मोहीम म्हणजे ठरावीक शुल्क घेऊन परवाना, तंबू, स्वयंपाक, दोर, शेर्पा आणि मार्गदर्शक यांची व्यवस्था करणारी मोहीम. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’सारख्या संस्थेच्या मोहिमेत सदस्य वर्षानुवर्षे एकमेकांच्या दोरीला बांधून घेत आलेले असतात. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये या संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर गेले, त्यामागे अशी दीर्घ ओळख होती. व्यावसायिक मोहिमेत मात्र परस्परांना अनोळखी माणसे पायथ्याशी प्रथमच भेटतात. कोण कुठे थकतो, कोण दुखणे लपवतो, हे कुणालाच ठाऊक नसते. त्यामुळे ‘येथून मागे फिरा’ असे सांगण्याचा अधिकार ही मार्गदर्शकाकडून विकत घेतलेली सर्वांत मोलाची गोष्ट ठरते. गंमत अशी, की पैसे मोजणाऱ्याला नेमकी तीच नकोशी असते.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण १९९६ चे आहे. न्यूझीलंडचे अनुभवी मार्गदर्शक रॉब हॉल यांनी अमेरिकेतील टपाल कर्मचारी डग हॅन्सन यांना १९९५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याजवळून परत फिरविले होते. पुढच्या वर्षी हॅन्सन पुन्हा आले. दुपारी फार तर दोन वाजता परतायचे, हा दंडक असतानाही १० मे १९९६ रोजी ते चारच्या सुमारास माथ्यावर पोहोचले. हॉल त्यांच्यासाठी थांबले. वादळ आले आणि दोघेही परतले नाहीत. त्या वादळात एव्हरेस्टवर एकूण आठ जणांचा मृत्यू झाला. हॉल यांच्या कौशल्यात उणीव नव्हती. आदल्या वर्षी पाळलेला नियम त्या दिवशी पाळला गेला नाही. म्हणूनच मोहिमेची चौकशी करताना ‘शिखर मिळेल का’ या प्रश्नापूर्वी परतीची वेळ कोण ठरवतो, ती लेखी आहे काय आणि एक सदस्य मागे फिरला तर त्याच्यासोबत उतरण्यास दुसरा मार्गदर्शक आहे काय, हे विचारावे. या प्रश्नांची टाळाटाळ करणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

उंचीचा आजार हा वयाने तरुण आणि अंगाने धडधाकट असलेल्यांनाही गाठतो. किंबहुना वेगाने चढण्याची धमक असलेल्यांना तो लवकर गाठण्याची शक्यता असते. साधारणतः ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड ही सुरुवातीची लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे ही फुप्फुसात पाणी साचल्याची, तर बोलण्यात विसंगती आणि चालताना तोल जाणे ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे समजली जातात. दोन्ही स्थितींत तातडीने खाली उतरविणे हाच मुख्य उपाय आहे. गोळ्या व प्राणवायू यांनी उतरण्यापुरती सवड मिळते, इतकेच. डायमॉक्ससारखे औषध मित्राच्या सल्ल्याने नव्हे, तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

हिमनदी हे आणखी एक निराळे प्रकरण. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात व ताज्या हिमाने त्यांची तोंडे झाकलेली असतात. उन्हाने हा पूल मऊ झाला, की माणसाचे वजन पेलत नाही. यास्तव अंतिम चढाई मध्यरात्रीनंतर सुरू करून ऊन तापण्यापूर्वी उतरण्याची पद्धत आहे. तीन-चार जण एकाच दोरीला बांधून चालतात. एक जण भेगेत पडला तर उरलेल्यांनी तत्क्षणी बर्फात आइस अ‍ॅक्स रोवून त्याला धरायचे असते. ही कृती पुस्तकातून येत नाही आणि दोरीवर एकटाच मार्गदर्शक शिकलेला असून भागत नाही. भेगेत तोच पडला तर?

त्यासाठी मूलभूत गिर्यारोहण अभ्यासक्रम करावा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग १९६५ मध्ये स्थापन झाली. जवळपास चार आठवड्यांच्या या शिक्षणात खडक, बर्फ व हिमनदी या तिन्हींची ओळख होते. ‘अ’ श्रेणी मिळाल्यास प्रगत अभ्यासक्रमाचे दार उघडते. शुल्क खासगी मोहिमेच्या मानाने बरेच कमी असते. जागा मात्र फार आधी भरतात. अर्थात प्रशिक्षण म्हणजे अभय नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह हाती लागले, दोघे बेपत्ता राहिले.

शिखराची निवड पायरीपायरीने व्हावी. पुण्याची कृष्णा पाटील २००९ मध्ये वयाच्या १९व्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली, त्याच्या आदल्या वर्षी तिने ७,०७५ मीटरचे सतोपंथ सर केले होते. पहिल्या प्रयत्नासाठी मनालीजवळचे फ्रेंडशिप शिखर, त्यानंतर लडाखमधील ६,२५० मीटरचे कांगयात्से-२ किंवा नेपाळमधील मेरा पीक, असा क्रम अनेक जण धरतात. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तेथील हंगाम जुलै-ऑगस्टचा असतो. हीच वऱ्हाडात डवरणी-निंदणाची घाई असते, ही शेतकरी कुटुंबातील तरुणाची खरी अडचण! शेतीतून सवड मिळते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तो हंगाम नेपाळचा.

खर्चाचा अंदाज आधी घेतलेला बरा. नेपाळने सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूतील एव्हरेस्टचा परवाना ११,००० वरून १५,००० डॉलर केला. भारतीयांनाही तो परदेशी म्हणूनच भरावा लागतो. म्हणजे शेर्पा, प्राणवायू व प्रवास धरण्यापूर्वीच १२ लाखांहून अधिक रुपये लागले. विमा उतरविताना किती मीटरपर्यंत आणि दोराच्या चढाईसह संरक्षण आहे, हे वाचून घ्यावे. साध्या प्रवासविम्यात ते सहसा वगळलेले असते. कर्ज काढून गेलेल्यास माघारी फिरणे अधिक जड जाते, हेही हिशेबात धरावे. शिखर न गाठता ते गाठल्याचा दावा करण्याचा मोहही याच ओझ्यातून होत असावा. २०१६ मध्ये बनावट छायाचित्रांच्या आधारे एव्हरेस्टचा दावा करणाऱ्या महाराष्ट्रातील एका दाम्पत्यावर नेपाळने १० वर्षांची बंदी घातली होती.

सराव मात्र घरापासून सुरू करता येतो. शहानूरमार्गे नरनाळा किल्ल्यावर पाठीवर १२ ते १५ किलोंची सॅक घेऊन चढ-उतार केल्यास पाय व फुप्फुसे तयार होतात. हा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने वन विभागाची परवानगी आवश्यक आहे. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करावा, कारण माथ्यावरून परतताना गुडघे आणि लक्ष दोन्ही थकलेले असतात. पुढचा प्रवासही अवघड नाही. एसटीने अकोला गाठले, की तेथून मुंबई-हावडा लोहमार्गाने हावडा, न्यू जलपाईगुडी व दार्जिलिंग. उत्तरकाशीसाठी दिल्ली, ऋषिकेश व पुढे रस्त्याने. अर्जासोबत डॉक्टरांनी भरून दिलेला आरोग्य तपासणीचा नमुना जोडावा लागतो. रक्तदाब, दमा वा हृदयाची जुनी तक्रार असल्यास ती त्यात नोंदवावी. फॉर्मवर लपविलेला दमा चार हजार मीटरवर लपत नाही.