सूरजागड परिसरातील दप्तर आणि ग्रामसभेचा सचिव : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडची डोंगररांग ही तेथील लोहखनिजामुळे आणि त्यावरून उभ्या राहिलेल्या संघर्षामुळे महाराष्ट्राला परिचित झाली आहे. या संघर्षाविषयी लिहिताना खाणपट्टा, पोलीस बंदोबस्त, नक्षलवादी चळवळ आणि आंदोलने यांचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु सभेची सूचना काढणारा, उपस्थितांच्या सह्या व अंगठे घेणारा, इतिवृत्त लिहिणारा, ठरावाची प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घेणारा जो मनुष्य असतो, त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. त्याचे काम 'कारकुनी' म्हणून दुय्यम समजले जाते. वास्तविक या अरण्यप्रदेशाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे दप्तराच्या बाजूने पाहिले, तर जंगलावरील हक्क अनेकदा लेखणीच्या टोकाशी गेले आणि लेखणीच्या टोकाशीच परत आले, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या साहाय्यक प्रशासकीय कामाचा, विशेषतः ग्रामसभेच्या सचिवाच्या भूमिकेचा, ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

जमीनदारीच्या काळातील लेखणी

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. सूरजागडचा प्रदेश अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारीत मोडत असे. आजचा एटापल्ली तालुका पुढे दीर्घकाळ सिरोंचा तहसिलीचा भाग होता. येथील माडिया गोंडांच्या गावांत कारभार चालत असे तो गायता, भूमिया, पेरमा अशा पारंपरिक अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली. सीमा कोणत्या नाल्याने ठरते, कोणत्या गावाचा देव कोणत्या डोंगरावर आहे, शिकारीचा वाटा कोणाला जातो, हे सारे तोंडी होते आणि सर्वांना ठाऊक होते. लिहून ठेवण्याची गरज त्या समाजाला पडली नाही.

राज्यकर्त्यांना मात्र ती पडली. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बंड मोडल्यावर अडपल्ली-घोट भागातील गावे अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांना बक्षीस म्हणून देण्यात आली. त्या गावांतील रहिवाशांच्या दृष्टीने नदी, डोंगर, शेत काहीच हलले नव्हते. हलला होता तो फक्त कागद. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि लूसी स्मिथ या अधिकाऱ्याचा चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल व्यवस्थेवरील अहवाल १८६९ मध्ये तयार झाला. गावे, लोक, पिके, जंगल, दळणवळण यांची इतकी तपशीलवार नोंद या जिल्ह्यात प्रथमच होत होती. पुढे १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने जंगलातील प्रत्येक हालचालीसाठी परवाना, पावती, दंडाची नोंद अशी व्यवस्था आणली. सरकारी राखीव जंगलात वन खात्याचा कारकून आणि जमीनदारी जंगलात जमीनदाराचा कारकून, असा हा दुहेरी अंमल होता. दोघांची भाषा माडिया नव्हती.

मौखिक समाजावर लेखी राज्य आले की काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय. जे लिहिले गेले ते 'हक्क' ठरले आणि जे लिहायचे राहिले ते 'सवलत' किंवा 'अतिक्रमण' ठरले. लिहिणारा स्वतः दुष्ट असण्याची आवश्यकता नव्हती. रकान्यात न बसणारी गोष्ट गाळून पुढे जाणारा साधा, कामाने गांजलेला कारकून त्यासाठी पुरेसा होता.

निस्तारपत्रक आणि फळीवरचा मुन्शी

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात आली आणि जमीनदारी जंगले शासनाकडे गेली. गावकऱ्यांचे सरपण, बांबू, चराई, घरबांधणीचे लाकूड इत्यादी उपभोग त्यानंतर निस्तारपत्रकात नोंदवले गेले. निस्तारपत्रक ही वरकरणी एक कोरडी यादी. पण पन्नास वर्षांनंतर हेच पत्रक वनहक्काच्या दाव्याचा पुरावा म्हणून गावोगाव शोधले गेले. ज्या गावाची नोंद नीट झाली होती त्याचे काम सोपे झाले. बाकीच्यांना इतर पुराव्यांवर भिस्त ठेवावी लागली.

दरम्यान १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६९ च्या वनोपज व्यापार विनियमन कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने या जिल्ह्यातील बांबू मिळत राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या काळात सामान्य आदिवासी कुटुंबाचा 'कार्यालया'शी जो प्रत्यक्ष संबंध येई, तो बहुधा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी आणि मोजून घेणारा ठेकेदाराचा मुन्शी. पुडे किती आले, खराब म्हणून किती बाजूला काढले, शेकड्यामागे किती दर लागला, हे मुन्शीच्या वहीत असे. पान तोडणाऱ्या बाईला वही वाचता येत नसे. फळीवरच्या भांडणांचे मूळ दराइतकेच या वहीतही होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

नव्या कायद्यांतील जुने काम

२४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा (पेसा) अमलात आला. त्यापाठोपाठ वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत होऊन ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी आले. या दोन कायद्यांनी ग्रामसभेला जे अधिकार दिले त्यांची चर्चा अभ्यासकांनी विपुल केली आहे. त्यांनी ग्रामसभेवर कागदपत्रांचे जे ओझे टाकले, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

नियमांनुसार ग्रामसभेने वनहक्क समिती निवडायची. समितीत दहा ते पंधरा सदस्य, त्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला. समितीने अध्यक्ष व सचिव ठरवून उपविभागीय समितीला कळवायचे. वैयक्तिक दाव्याचा नमुना वेगळा, सामूहिक हक्काचा वेगळा. २०१२ च्या सुधारणेनंतर सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा आणखी एक नमुना आला. प्रत्येक दाव्याला पुरावे, जागेच्या पडताळणीची सूचना, नकाशा, गणपूर्ती झाल्याची नोंद, ठराव आणि पोच. हे काम वकिलाचे नाही, अभियंत्याचेही नाही. ते गावातल्या बारावीपर्यंत शिकलेल्या, बहुधा आश्रमशाळेत वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने करायचे.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट आहे. नियमांनी पुरावा म्हणून जी कागदपत्रे मान्य केली त्यांत गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, वन खात्याच्या नोंदी आणि निस्तारपत्रक यांचा समावेश आहे. त्याच यादीत वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे परक्या अधिकाऱ्याने राज्याच्या सोयीसाठी लिहिलेला अहवाल आणि गावातील म्हाताऱ्याने सांगितलेली शीव या दोहोंना एकाच नियमात स्थान मिळाले. अट एवढीच की म्हाताऱ्याचे बोलणे कोणीतरी लिहून घेतले पाहिजे. ते सांगतो माडियात, लिहिले जाते मराठीत. त्यामुळे सचिव हा लेखनिक राहत नाही. तो दुभाष्या होतो आणि काही प्रमाणात कायद्याचा अर्थ लावणाराही होतो. पूर्वीच्या कारकुनाने रकान्यात न बसणारे गाळले. हा सचिव तेच रकान्यात कसे बसवावे याचा विचार करतो. काम तेच, दिशा उलटी.

या बदलाची दुसरी बाजूही आहे. गायता-भूमियाकडे असलेला मान हळूहळू वही असलेल्या तरुणाकडे सरकतो. ज्या गावात वडीलधारे आणि सचिव यांचा मेळ बसला नाही, तेथे वही पुन्हा एका घराची होण्याचा धोका असतो. मुन्शी बाहेरचा होता म्हणून खटकत असे. गावातलाच मुन्शी अधिक बरा असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

मेंढा येथील परवानापुस्तिका

या संदर्भात सूरजागडच्या उत्तरेकडील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाचा अनुभव पाहणे आवश्यक ठरते. देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल (निधन २०२५) यांच्यामुळे हे गाव देशभर परिचित झाले. या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत आणि अभ्यासगटाची परंपरा अनेक वर्षे आधीपासून जोपासली होती. कायदा आला तेव्हा त्या गावाकडे वाचण्याची, चर्चेची आणि लिहून ठेवण्याची सवय तयार होती. २००९ मध्ये मेंढा आणि त्याच तालुक्यातील मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील असे हे पहिलेच हक्क होत. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना देणारी पुस्तिका वन खात्याकडे होती. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. परंतु परवान्यावाचून बांबूची गाडी नाक्यावर अडणार, हे उघड होते. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन ती पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन केली. समारंभ एका पावतीपुस्तकाचा होता आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री व राज्याचे मुख्यमंत्री उपस्थित होते! वरकरणी विसंगत वाटणाऱ्या या प्रसंगातच दप्तराचे खरे वजन दिसते. पुढे ६ सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीला दिला. नियम नंतर आला, पुस्तिका आधी हाती आली.

त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करण्यास सुरुवात केली. लिलाव म्हणजे जाहिरात, निविदा, करारनामा, बँक खाते, पॅन क्रमांक, कर, मजुरीचे वाटप. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली, त्यामागे हे काम एकेकट्या गावाला झेपत नाही हेही एक कारण होते. काही हंगामांत ठेकेदारांकडे ग्रामसभांच्या रकमा थकल्या, तेव्हा करारनाम्यातील एकेका कलमाची किंमत गावांना कळली. फळीवरची वही आता गावाची होती, तशीच तिच्यातली चूकही.

सूरजागडचे ठराव

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान असून दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. परिसरातील सत्तर गावांचा पारंपरिक इलाका या देवस्थानाशी जोडलेला आहे. येथील ३४८.०९ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला मिळाला, म्हणजे वनहक्क कायदा लागू होण्याच्या काही महिने आधी. फाईल मुंबई आणि दिल्ली येथे फिरत होती. तिच्यामागे एका संपूर्ण सचिवालयाचे मनुष्यबळ होते. गावांमध्ये त्या वेळी वनहक्क समित्याही नव्हत्या. या विषमतेची नोंद घेतल्याशिवाय पुढील संघर्षाचे आकलन अपुरे राहते.

३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनजमीन वळती करण्यापूर्वी ग्रामसभांची संमती असल्याचे पुरावे मागणारे परिपत्रक काढले. ओडिशातील नियमगिरी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला आणि त्यानंतर तेथील बारा ग्रामसभांनी खाणीस एकमुखी नकार दिला. त्या सभांना जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून उपस्थित राहिले. इतिवृत्ताबद्दल कोणालाही शंका घेता येऊ नये, यासाठी न्यायालयाने योजलेला तो उपाय होता. सूरजागडच्या वाट्याला असा निरीक्षक आला नाही. तेथे इलाक्याने आपले विरोधाचे ठराव स्वतःच लिहिले, यात्रेच्या मेळाव्यात वाचले आणि कार्यालयांत दिले. २०१६ मध्ये खाणकाम सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खनिज वाहून नेणारी वाहने मोठ्या संख्येने जाळली. २०१९ मध्ये थांबलेले काम २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. अशा परिस्थितीत ठरावाखाली सही करणे ही साधी गोष्ट उरत नाही. सही करणारा पोलिसांच्या नजरेत येतो आणि जंगलातील बंदूकधाऱ्यांच्याही. नाव, गाव, दिनांक हे रकाने भरताना सचिवाला जी जोखीम पत्करावी लागते, तिची कल्पना शहरातील कार्यालयात बसणाऱ्याला सहजी येणार नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठीची जनसुनावणी गडचिरोली येथे झाली. सूरजागडपासून हे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट घ्यावयाची असते. तसेच तिचे इतिवृत्त स्थानिक भाषेत तयार करून शेवटी उपस्थितांना वाचून दाखवावयाचे असते. स्थानिक भाषा म्हणजे शासनाच्या लेखी मराठी. सूरजागडच्या डोंगरातून आलेल्या वृद्ध स्त्रीसाठी तीही शिकलेल्यांची भाषा होय. तिचे म्हणणे इतिवृत्तात कोणत्या शब्दांत उतरते, हे तिच्या शेजारी बसलेल्या, दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

अशा माणसाला मिळते काय, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पेसाचे नियम केले. त्यानंतर ग्रामसभांच्या मदतीसाठी मोबिलायझर नेमण्यात आले, ते अल्प मानधनावर. वनहक्क समितीच्या सचिवाला तर नियमाने वेतन नाही. पेरणी आणि मोहफुलांचा हंगाम सांभाळून त्याने तालुक्याला जायचे. पगार घेणारा ग्रामसेवक, तलाठी आणि वनरक्षक यांच्या कागदाला त्याने कागदानेच उत्तर द्यायचे.

लूसी स्मिथचा अहवाल छापला गेला, म्हणून दीडशे वर्षांनंतरही तो ग्रंथालयात मागवता येतो आणि दाव्याला जोडता येतो. ग्रामसभांच्या इतिवृत्ताच्या वह्यांना बहुतेक ठिकाणी दुसरी प्रत नाही. त्या सचिवाच्या घरी, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली, पत्र्याच्या पेटीत असतात. सचिव बदलला की पेटी एका घरातून दुसऱ्या घरी नेली जाते.