थ्रेड : बंदुकीच्या दस्त्यामागची रबरी गादी

बोईसर-तारापूरपासून जव्हारच्या डोंगरापर्यंत 'ठासणीची बंदूक' हा शब्द जुन्या पिढीला परिचयाचा आहे. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छरे गजाने ठासायचे, म्हणून ठासणीची. दारूचे माप बहुधा अंदाजाचे. चिमूटभर अधिक पडली की त्याची किंमत खांद्याने मोजायची.

या धक्क्याचे गणित साधे आहे. बारा बोअरच्या बंदुकीतून ३२ ग्रॅम छरे सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने सुटले, की तीन किलोची बंदूक सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने मागे येते. ती थांबवायची खांद्याने. बंदूक जड केली तर धक्का घटतो, पण ती दिवसभर रानात वागवणार कोण? मग उरतो दुसरा उपाय : मध्ये काही मऊ ठेवून थांबण्याचा अवधी लांबवणे.

लंडनच्या एस. डब्ल्यू. सिल्व्हर आणि कंपनीने १८७४ मध्ये अशा रबरी गादीचे पेटंट घेतले. पूर्व लंडनमधील सिल्व्हरटाउन हे नाव याच घराण्याच्या रबर कारखान्यावरून पडले.

चारच वर्षांनी, १८७८ मध्ये, हिंदुस्थानात हत्यार कायदा आला. आजचा पालघर जिल्हा तेव्हा एकसंध नव्हता. तारापूर-माहीमचा किनारा ठाणे जिल्ह्यात, थेट इंग्रजी अमलाखाली. तेथील कुणब्याला रानडुकरांपासून भात राखण्यासाठीही परवान्याची बंदूक हवी. युरोपियनांना मात्र नियमांतून सूट, आणि संस्थानिकांनाही. शेजारचे जव्हार हे मुकण्यांचे संस्थान. कायद्याने बंदुका वाटल्या तशाच, म्हणावे तर, खांदेही वाटले : विलायती बंदुकीला रबर, ठासणीच्या बंदुकीला लोखंडी पट्टी किंवा नुसते लाकूड.

गादी निवडणे हे वस्तुतः मापाचे काम. अडीच सेंटिमीटर जाडीची गादी लावली, की दस्ता तितकाच लांबतो. म्हणून एक तर लाकूड कापावे लागते, नाही तर मालकाचे हात लांब असावे लागतात. नुसते रबर कोटाला अडकते. त्यावर कातडे चढवण्याची रीत यातूनच आली. दस्त्यावरील करवतीची खूण त्यामुळे अभ्यासकाला बोलकी ठरते. ती कोणाच्या तरी बाहूचे माप सांगते.

रबराचे वैरी म्हणजे तेल, ऊन आणि भार. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली, तर नळीतले तेल हळूहळू लाकडात उतरते आणि गादीही दबते. पूर्वीचे जाणकार तेल दिल्यावर ती नळी खाली करून ठेवत. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गादीचे स्क्रू आधी गंजतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. त्या काळच्या गाद्या आता दगडासारख्या कडक झालेल्या किंवा भुगा होत चाललेल्या आढळतात. परवानाधारकाने नवी बसवायची ठरवलीच, तर आधी दस्त्याची लांबी मोजून लिहून ठेवावी, आणि काढलेली गादी तिच्यावरील अक्षरांसह, दोन्ही स्क्रूंसह, कागदात गुंडाळून सावलीत जपावी.