कुट्टीयंत्राच्या तोंडाची हकिकत



कुट्टीयंत्र घेताना आपण पाती बघतो, मोटार किती अश्वशक्तीची ते विचारतो. जिथून वैरण आत जाते त्या तोंडाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. खरं म्हणजे वैरण पात्यापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न सुटला तेव्हाच हे यंत्र कामाचं झालं.

आपल्याकडे ओंडक्यावर कडबा धरून कोयत्याने तोडायची रीत होती. इंग्लंडात घोड्यांच्या पेंढ्यासाठी लांबट लाकडी पेटी असे. पेंढा हाताने पुढे सारायचा, फळीने दाबून धरायचा नि पेटीच्या तोंडाशी पातं खाली ओढायचं. सारणं सगळं अंदाजाचं, त्यामुळे तुकडा कधी बोटभर तर कधी वीतभर. १७९७ साली वोबर्नच्या रॉबर्ट सॅमन याने चाकाला पाती बसवलेलं यंत्र पुढे आणलं. पुढच्या शतकात पात्यांच्या आधी दातेरी रोलरची जोडी बसवण्याची पद्धत रूढ झाली.

या रोलरनीच खरी कमाल केली. पात्याच्या चाकाला जोडलेले असल्याने ते प्रत्येक फेऱ्याला ठराविकच सरकतात, म्हणून तुकडा सारखा पडतो. दातेचक्र बदललं की तुकड्याची लांबी बदलते. वरचा रोलर स्प्रिंगने किंवा वजनाने दाबलेला असतो. घास जाड आला तर तो उचलला जातो, पातळ आला तर खाली बसतो. आता झाडांच्या फांद्यांचा चुरा करणारी यंत्रं निघाली आहेत, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांतही हीच युक्ती आहे.

पण रोलर कडबा ओढतो तशीच बोटंही ओढतो. हाताने फिरवायचं यंत्र फिरवणारा थांबला की थोड्या वेळात थांबतं. वाफेच्या इंजिनावर चालणारं कोण थांबवणार? हात गमावण्याचे प्रकार इतके झाले, की १८९७ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने खास कुट्टीयंत्रांसाठी कायदा केला. इंजिनावर चालणाऱ्या यंत्राचं तोंड असं असावं, की हात रोलरमध्ये ओढला जाऊ नये, आणि चाक व पाती झाकलेली असावीत, असं त्यात होतं.

आपल्या मुलखात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या धंद्यानंतर कडबा कापायची यंत्रं नि लोखंडी नांगर करायला घेतले. १९१० साली कारखाना कुंडलजवळ आला, तीच किर्लोस्करवाडी. पुढे खेडोपाडी वीज पोचली नि गोठ्यातल्या यंत्राला मोटार लागली. धोकादायक यंत्रांचा कायदा आपल्याकडे १९८३ साली झाला, पण त्याचा रोख मळणीयंत्रावर होता. कुट्टीयंत्राची काळजी आपली आपणच घ्यायची, असंच समजा.

यंत्र वैरण ओढत नाही अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते, आणि तक्रार करणारा मोठी मोटार मागतो. माझ्या मते आधी पात्याला धार लावा. बोथट पातं कापत नाही, चुरगळतं, आणि मग मागची वैरण अडते. पातं नि समोरची पट्टी यांतली फट वाढली असेल तर ती जुळवून घ्या. वरच्या रोलरची स्प्रिंग ढिली झाली का बघा, दातांत गुंतलेले धागे काढा. मात्र हे सारं मोटारीची वायर काढून नि चाक अडकवूनच करायचं. धांडे बुडख्याकडून, बेताच्या पेंडीने लावा. एकदम कोंबले की रोलर जागच्या जागी घसरतात, आणि नेमका त्याच वेळी माणूस हाताने रेटा देतो.

तोंडापुढची पन्हळ हात रोलरपर्यंत पोचणार नाही इतकी लांब आणि वरून झाकलेली असावी. नसेल तर गावच्या लोहाराकडून पत्रा बसवून घ्या. शेवटचा घास हाताने न ढकलता पुढच्या पेंडीने ढकला. यंत्र हाताचं असेल तर काम संपल्यावर चाकाला खिटी घाला. पोरं ते खेळायला फिरवतात, आणि त्यांची बोटं लहान असतात.