एका भयपटाचे दोन अर्थ

डॉन सीगेल यांचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' हा अल्पखर्ची भयपट १९५६ सालीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला. अंतराळांतून आलेल्या शेंगांतून माणसांच्या हुबेहूब प्रतिकृती उपजतात. चेहरा तोच, भावना मात्र लोपलेली. कांहीं प्रेक्षकांस त्यांत साम्यवादाचा शिरकाव दिसला, तर कांहींस सेनेटर मॅकार्थींच्या धाकानें एकसुरी झालेला अमेरिकन समाज दिसला. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरे, असें आम्हांस वाटतें. राक्षसाचा खर्च न करतां येथें शत्रु शेजाऱ्याच्याच रूपानें येतो. आणि तो चेहरा जो तो आपल्या भयाप्रमाणें वाचतो. चित्रसंस्थेच्या आग्रहानें आशादायक शेवट जोडण्यांत आला, तरी स्मरणांत राहिला तो हमरस्त्यावर ओरडणारा डॉक्टरच. आपलें माणूस परकें होण्याच्या भयास कोणत्याच एका पक्षाचें नांव पुरत नाहीं.