पडलेला दात आणि शिट्टीवाले सर

15 ऑगस्ट 1936. बर्लिन ऑलिंपिकमधल्या हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलरक्षकाची धडक बसली आणि ध्यानचंद यांचा दात पडला. जुजबी इलाज करून ते मैदानात परतले, भारत 8-1 असा जिंकला. आठ गोलांची गोष्ट आजही रंगवून सांगतात. त्या दाताची चौकशी कोणी करत नाही.

त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनमध्ये होते. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये काढलेल्या या संस्थेने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. 1938 मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीत शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू केली, 1961 मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आली. गळ्यात शिट्टी अडकवलेले पीटीचे सर हळूहळू गावोगाव पोचले. त्यांच्या लेखी प्रथमोपचार म्हणजे मुरगळलेल्या पायाला पट्टी, मोडलेल्या हाताला झोळी, फुटलेल्या ढोपराला टिंक्चर. दात पडला की मुलाने चूळ भरायची आणि दात मातीतच राहायचा.

यात सरांना दोष देऊन चालणार नाही, कारण शास्त्रच तेव्हा चाचपडत होते. कोपनहेगनच्या आंद्रेआसेन आणि सहकाऱ्याने 1966 मध्ये परत बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास मांडला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दहांपैकी नऊ दातांची मुळे झिजली नव्हती. दोन तासांहून अधिक वेळ गेलेल्या बहुतेक दातांची झिजली. खरी मेख मुळाभोवतीच्या नाजूक तंतूंत आहे. ते सुकले की दात गेला. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, माती असेल तर हलकेच विसळायचा, घासायचा मुळीच नाही, आणि जमल्यास तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला लावायचा. ते जमत नसेल तर दात दुधात टाकायचा. त्या तंतूंतल्या पेशी दुधात तग धरतात, हे 1980 च्या सुमारास स्वीडनमधल्या प्रयोगांनी दाखवले.

दाताला इजाच होऊ नये म्हणून लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी 1890 मध्येच मुष्टियोद्ध्यांसाठी गट्टापर्चाची दंतपट्टी केली होती. कबड्डीत मात्र तोंडात असे काही धरून दम घुमवणे अवघडच, त्यामुळे आपल्याकडे सगळी भिस्त पडल्यानंतरच्या उपायांवर.

दोडामार्गात हा वेळेचा हिशेब आणखी कडक होतो. सावंतवाडीतून वेगळा काढून 1999 मध्ये केलेला हा तालुका गोव्याच्या वेशीवर आहे. अवघड दुखणे आले की इथली माणसे जिल्ह्याच्या गावी जाण्याऐवजी डिचोलीमार्गे गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठतात. 1980 मध्ये सुरू झालेले गोवा दंत महाविद्यालयही तिथेच. 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गकर रस्त्यावर उतरले होते. शुल्काचे काहीही होवो, घाटवळणांच्या तिलारी खोऱ्यातून बांबोळीला पोचेपर्यंत तो अर्धा तास केव्हाच उलटून जातो. म्हणजे दाताचा निकाल मैदानावरच लागतो, आणि तिथे डॉक्टर नसतात, सर असतात. तरीही भावी प्रशिक्षकांना विचारले की बरेच जण दात कागदात गुंडाळून नेऊ म्हणतात, असे ठिकठिकाणच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

कोकणात कोणीही पटकन शहाळे पुढे करील. ते अगदीच खुळे नाही: चेन्नईच्या दंतवैद्यांनी 2008 मध्ये नारळपाण्याची बाजू घेणारे निष्कर्ष छापले होते. नंतरच्या प्रयोगांत मात्र त्याचा आंबटपणा पेशींना मानवेना, आणि दूधच सरस ठरले. मैदानाशेजारच्या चहाच्या टपरीवर ते मिळतेच.

लहान गटाच्या सरांनी एक गोष्ट वेगळी पाहायची. पडलेला दात दुधाचा असेल तर तो परत बसवायचा नाही. खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताच्या अंकुराला त्याने इजा होऊ शकते.