फाबियाचे रुखवत

माझ्याकडे स्कोडा फाबियाची दोन जुनी माहितीपत्रके आहेत, एक चेक भाषेतले आणि दुसरे ब्रिटनमधले. गाडी दोन्हींत तीच. २००३ साली आलेली, १.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, १३० अश्वशक्ती, ३१० न्यूटन-मीटर टॉर्क. घरच्या वापराच्या लहान हॅचबॅकला असले दणकट डिझेल इंजिन बसवायचे, तिला स्पोर्टी रूप द्यायचे आणि त्या रूपात पेट्रोलचा पर्यायच ठेवायचा नाही, हे त्या काळी मोठे धाडस होते. चेक पत्रकात तिचे नाव आरएस आहे, तर ब्रिटिश पत्रकात व्हीआरएस. या एका जादा अक्षराच्या मागे लागलो आणि वाटेत इतके शब्द भेटले की ते अक्षर बराच वेळ बाजूलाच राहिले.

पहिला भेटला तो ‘ट्रिम’. गाडी एकच असली तरी तिची साधी, मधली, खेळकर, उंची अशी रूपे असतात, त्यांना इंग्रजीत हा शब्द आहे. मूळ जुन्या इंग्रजीतले ‘ट्रिमन’, म्हणजे भक्कम करणे, नीट लावणे. पुढे तो खलाशांच्या तोंडी गेला. शिडे वाऱ्याच्या बेताने लावणे, जहाजाचा तोल सांभाळणे म्हणजे ट्रिम. सजावटीचा अर्थही त्याला चिकटला आणि गाडीपर्यंत पोचला तो याच अर्थाने.

फ्रेंच माणूस मात्र गाडीचे ‘फिनिस्यों’ विचारतो आणि स्पॅनिश माणूस ‘आकाबादो’. दोन्हींचा अर्थ पूर्ण करणे, शेवट गाठणे. आपण भिंतीवर रंगाचा शेवटचा हात फिरवतो तसे. इटालियन ‘आलेस्तिमेंतो’ म्हणतात. त्यातला ‘लेस्तो’ म्हणजे चपळ, तयार. रंगमंच उभा करणे, प्रदर्शन मांडणे, जहाज प्रवासाला सज्ज करणे, या सगळ्यांना तोच शब्द.

जर्मन शब्दापाशी मी थांबलोच. ‘आउसश्टाटुंग’. मुलाला किंवा मुलीला लग्नासाठी, स्वतंत्र संसार मांडण्यासाठी आईवडील जे देतात त्याला जर्मन दिवाणी कायद्यात आजही हेच नाव आहे. चेक ‘वीबवा’ची कथा तीच. गाडीच्या पत्रकात तो शब्द चाके, आसने आणि आरशांच्या यादीवर असतो, आणि तोच नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या चीजवस्तूंनाही वापरतात. मला एकदम रुखवत आठवले. मांडवाच्या एका कडेला टेबलावर मांडलेले लाडू-चिवड्याचे डबे, विणलेले रुमाल, घासून लख्ख केलेली भांडी, आणि शेजारी उभी राहून प्रत्येक वस्तू कोणी केली ते सांगणारी मावशी. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीकडे जर्मन आणि चेक भाषा अशा डोळ्यांनी पाहतात. मुलगी निघाली आहे, तिच्याबरोबर काय काय दिले? फाबिया आरएसबरोबर सोळा इंची चाके दिली, अंगाला धरून ठेवणारी आसने दिली, दुहेरी सायलेन्सर दिला आणि ब्रेकचे कॅलिपर हिरव्या रंगात रंगवून दिले.

तिच्या स्पोर्टी रूपातला ‘स्पोर्ट’ हा शब्द तर आधी फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. जुने फ्रेंच रूप ‘देस्पोर’, म्हणजे करमणूक, मन दुसरीकडे नेणे. इंग्रजीत पहिला भाग झिजला, उरलेला शब्द मैदानावर उतरला आणि एकोणिसाव्या शतकात नव्या अर्थासह फ्रान्समध्ये परतला. सासुरवाशीण माहेरी यावी आणि माहेरच्यांना तिची बोली नवी वाटावी, तसे झाले असणार.

आता अक्षरे. डिझेल हॅचबॅकच्या मागच्या दारावर शोभणाऱ्या अक्षरांत सर्वांत नामांकित ती फोक्सवागन गोल्फची जीटीडी. ती पहिल्यांदा आली १९८२ साली, १.६ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनावर, ७० अश्वशक्ती घेऊन. यातले जीटी इटालियन, ‘ग्रान तुरिस्मो’. आल्फा रोमिओने १९३० च्या सुमारासच ते ६सी १७५० गाडीला लावले होते. पण कल्पना त्याहून जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत श्रीमंत इंग्रज घरातली मुले शिक्षण पुरे झाल्यावर फ्रान्स-इटलीच्या लांब प्रवासाला निघत. रिचर्ड लॅसल्सने १६७० च्या आपल्या इटलीवरच्या पुस्तकात त्या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हटले. ‘टूर’ फ्रेंच, त्याच्यामागे लॅटिन ‘तोर्नुस’ आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘तोर्नोस’, म्हणजे कातकाम करणाऱ्याचे हत्यार. वस्तू गोल फिरवत घडवायची. फिरण्यातूनच प्रवास निघाला, जसा आपल्याकडे फिरण्यातून फेरी आणि फेरफटका निघाला.

टर्बोही फिरणाराच. लॅटिन ‘तुर्बो’ म्हणजे पोरांच्या खेळातला भोवरा, आणि वावटळसुद्धा. मराठीतही जाळी गुंडाळून फेकायचा तो भोवरा आणि नदीच्या पाण्यात गरगरणारा तोही भोवराच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिली. एक्झॉस्टच्या वायूवर गरगरणाऱ्या त्या चाकाला आपण भोवरा म्हणालो असतो तर किती नेमके झाले असते!

उरला डी. त्या एका अक्षरात एक माणूस आहे. रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जर्मन आईबापांच्या पोटी जन्मला, त्याचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी चालले आणि १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला. सगळ्या युरोपने त्याचे नाव इंजिनाला दिले, पण त्या इंजिनात जे ओततात त्याला अनेकांनी आपापले नाव ठेवले. फ्रान्सच्या पंपावर ‘गाझोल’, इटलीत ‘गाझोलिओ’, स्पेनमध्ये ‘गासोलेओ’, आणि तिथेच शेजारी पेट्रोलचे ‘गासोलिना’, म्हणजे घाईत चुकायची पुरेपूर सोय. चेक पंपावर ‘नाफ्ता’. हा ग्रीकांनी पूर्वेकडून उचललेला शब्द, फारसीतला नफ्त. आपल्या नॅप्थाचे मूळही तेच, पण नॅप्था म्हणजे डिझेल नव्हे. पोलंडमध्ये तर सरहद्द ओलांडताच ‘नाफ्ता’ म्हणजे घासलेट.

नावाला सरहद्दीवर कधी भाषा अडवते, तर कधी हक्क. रेनो ५ ची तेज आवृत्ती फ्रान्समध्ये ‘आल्पिन’ होती, ब्रिटनमध्ये मात्र ‘गॉर्डिनी’ झाली, कारण तिथे ‘आल्पाइन’ हे नाव क्रायस्लरकडे होते. ती गाडी पेट्रोलची, तरी हे उदाहरण मला फाबियापाशी परत आणते.

आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. स्कोडाकडे ही अक्षरे १९७४ च्या १८० आरएस आणि २०० आरएस या शर्यतीच्या गाड्यांपासून आहेत. पण ब्रिटनमध्ये आरएस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फोर्ड उभी राहते, १९७० ची एस्कॉर्ट आरएस १६०० आणि तिची पुढची भावंडे. स्कोडाच्या बिल्ल्यावर मात्र आरएसच्या डावीकडे व्हीसारखी एक तिरकी खूण आहे. युरोपभर तिच्याकडे नक्षी म्हणून पाहिले गेले. ब्रिटनमध्ये ती वाचली गेली. मला वाटते, फोर्डच्या दोन अक्षरांपासून वेगळे उभे राहायला ती तिथे हाताशीच होती. इंग्रजीत असे पूर्वीही झाले आहे. ‘द’ लिहायचे जुने अक्षर छापखान्यात वायसारखे दिसू लागले आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘ये ओल्ड’ अवतरले. तिथे अक्षर चुकीचे वाचले गेले, इथे खुणेचे अक्षर झाले.

ते अक्षर आपल्याकडेही येऊन गेले. २०११ मध्ये स्कोडाने भारतात लॉरा व्हीआरएस आणली. ज्या महाराष्ट्रात शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, तिथल्या बँक कर्मचाऱ्यांच्या घरांत व्हीआरएस या शब्दाला आधीच एक अर्थ होता. स्वेच्छानिवृत्ती, साठीच्या आत हाती आलेली रक्कम आणि दुपारी घरी बसलेले वडील. २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आली ती नुसती आरएस म्हणून, पण तिच्या बिल्ल्यावर ती तिरकी खूण तशीच होती.